सरळ बोली आणि वाकडे शब्द

मराठीत ‘म्हणे’ हा एक लहानसा शब्द आहे. ‘काल नदीला पूर आला म्हणे,’ असे आपण बोललो की ऐकणाऱ्यास उमगते, याने पूर स्वतः पाहिलेला नाही. ‘म्हणे’ गाळले तरी व्याकरण आपल्याला अडवीत नाही. पेरू आणि ब्राझील यांच्या सीमेवर, जावारी नदीच्या खोऱ्यातील अरण्यात राहणाऱ्या मात्सेस लोकांना मात्र ही मोकळीक नाही. घडलेली गोष्ट आपण अनुभवली, खुणांवरून ताडली, की नुसती कल्पिली, हे त्यांना क्रियापदाच्या प्रत्ययानेच सांगावे लागते. डेव्हिड फ्लेक या भाषाशास्त्रज्ञाने २००७ साली याचे विवेचन प्रसिद्ध केले. रानडुकरांचा माग पाहून आलेला शिकारी, कळप केव्हा गेला आणि माग आपल्याला केव्हा दिसला, हे दोन्ही काळ एकाच क्रियापदात गोवतो. न पाहिलेले पाहिल्याच्या प्रत्ययाने सांगणे म्हणजे तेथे सरळ खोटे बोलणे होय! आपल्या किती गप्पा या कसोटीला उतरतील?

याच पानो भाषाकुलातील यामिनावा लोकांचे मांत्रिक वैद्य रोग्यासाठी गीते गातात, ती मात्र मुद्दाम वाकड्या भाषेत. अयाहुआस्का या वेलीचा काढा पिऊन गाणारा हा वैद्य माशाला रानडुक्कर म्हणतो आणि जॅग्वारला टोपली. ग्रॅहम टाउन्सली यांनी १९९३ साली या नावांची उकल मांडली. माशाच्या कल्ल्यांशी रानडुकराच्या मानेवरील पांढऱ्या रेघांचे साम्य आहे. विरळ विणीच्या टोपलीची नक्षी जॅग्वारच्या अंगावरील ठिपक्यांसारखी दिसते. इतर यामिनावांनाही ही गीते नीटशी कळत नाहीत.

मग याला असत्य म्हणावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. वैद्यांचे म्हणणे असे की, नेहमीच्या शब्दांनी मनुष्य वस्तूवर जाऊन आदळतो. वाकड्या शब्दांनी तिच्याभोवती फिरता येते आणि ती स्पष्ट दिसते. रोग आणणारी अदृश्य शक्ती त्यांना अशी दुरून न्याहाळावयाची असते. या गीतांनी ताप उतरतो की नाही, हा प्रश्न निराळा. परंतु गाणाऱ्याचा हेतू फसविण्याचा नसून पाहण्याचा आहे.

मात्सेस वैद्यांनी तर आपली वनौषधिविद्या २०१५ साली सुमारे ५०० पानांच्या ग्रंथात उतरविली. ती केवळ मात्सेस भाषेत आहे. बाहेरच्यांनी ती चोरू नये म्हणून तिचे भाषांतर त्यांनी होऊ दिले नाही.