चिचुंद्रीची भीति

चिचुंद्री आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. दिवेलागणीनंतर भिंतीच्या कडेकडेनें चिंचीं करीत पळणारा, डोळ्यांनीं अधू, नाकाचा लांब व वासाचा उग्र असा हा प्राणी पाहून कोणी घाबरत नाहीं. फार तर नाक मुरडतो. परंतु १९५९ सालीं अमेरिकेंतील टेक्सस संस्थानांत 'द किलर श्रूज', म्हणजे 'जीवघेण्या चिचुंद्र्या', या नांवाचा एक बोलपट निघाला. अशा हिंस्र प्राण्यांच्या स्वस्त बोलपटांची त्या देशांत एक मोठी मालिकाच होऊन गेली. आणि ज्यांनीं ते बाळपणीं पाहिले, ते लोक आज उतारवयांतही त्यांची आठवण मोठ्या प्रीतीनें काढतात. हसण्याजोगी वस्तु इतकी प्रिय कां व्हावी, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

कथा अशी आहे. एका एकाकी बेटावर एक शास्त्रज्ञ प्रयोग करीत असतो. मनुष्य आकारानें निम्मा झाला तर जगांतील अन्न दुप्पट पुरेल, हा त्याचा हेतु. म्हणजे हेतु वाईट नव्हे. परंतु फळ उलटें येतें. चिचुंद्र्या कुत्र्याएवढ्या होतात, पिंजऱ्यांतून सुटतात, बेटावरील सर्व खाद्य फस्त करितात आणि अखेर माणसांकडे वळतात. त्यांना मारण्यासाठीं ठेविलेलें विष त्यांच्याच लाळेंत उतरतें. शेवटीं उरलेलीं माणसें रिकामीं पिंपें एकत्र बांधून अंगावर घेतात व वांकून चालत समुद्र गांठतात.

यांतील शास्त्र सर्वस्वी खोटें आहे असें मात्र कोणीं समजूं नये. चिचुंद्रीच्या वर्गांतील चिमुकले प्राणी इतक्या झपाट्यानें अन्न पचवितात कीं, कित्येक जाती दिवसाकाठीं जवळजवळ स्वतःच्या वजनाइतकें खातात आणि थोड्या तासांचा उपासही त्यांना मारक ठरतो. उत्तर अमेरिकेंतील आंखूड शेपटीच्या एका जातीच्या लाळेंत खरोखरच विष असतें.

आतां मुख्य गोष्ट. निर्मात्यांपाशीं पैसा बेताचा होता. दिग्दर्शक रे केलॉग यांनीं शिकारी कुत्र्यांच्या अंगावर केसाळ झुली चढविल्या, तोंडाला खोटे दांत लाविले, आणि अगदीं जवळून दाखविण्यासाठीं हातांत घालावयाचीं बाहुलीं केलीं. चाल मात्र कुत्र्याचीच राहिली! ज्याच्या घरीं कुत्रें आहे असा कोणताही मुलगा पहिल्या उडीलाच ती ओळखील. याचा जोडीदार बोलपट 'द जायंट गिला मॉन्स्टर'. त्यांत एक साधा जिवंत सरडा खेळण्यांतील झाडांमधून व रुळांवरून चालविला आहे. हे दोन्ही बोलपट एकाच खेळांत दाखवावयाचे म्हणून काढिले होते.

असले खेळ विशेषतः उघड्या मैदानांतील पडद्यासमोर, मोटारींत बसून पाहात असत. असें पहिलें मैदान १९३३ सालीं न्यू जर्सींतील कॅम्डेन येथें निघालें, आणि १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस देशांत सुमारें ४,००० मैदानें झालीं. आई, बाप, मुलें एकाच गाडींत. चित्र वाईट निघालें तरी रात्र चांगली जाई. पुढें १९९२ सालीं दूरचित्रवाणीवरील थट्टेच्या एका कार्यक्रमानें याच चिचुंद्र्या नव्या पिढीपुढें आणिल्या, आणि २०१२ सालीं त्यांचा उत्तरार्धही निघाला. त्यांत मूळचे नायक जेम्स बेस्ट वयाची ऐंशी वर्षें उलटल्यावर पुन्हां उभे राहिले.

आमच्या मतें या प्रीतीचें एक कारण असें कीं, या बोलपटांत झूल दिसते. पाहणारा क्षणभर भितो, आणि लगेच कुत्र्याची शेपटी ओळखून हंसतो. अशी भीति घरीं बरोबर येत नाहीं. 'द किलर श्रूज' पाहून कोणी चिचुंद्री मारावयास काठी घेऊन निघाला असेल, असें आम्हांस वाटत नाहीं.

याच्या उलट १९७५ चा 'जॉज' पाहा. स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा हा बोलपट स्वस्त नव्हता, व त्यांतील कौशल्य निर्विवाद आहे. यांत्रिक शार्क समुद्रांत वारंवार बिघडे, म्हणून तो थोडाच दाखविला. आणि न दिसणाऱ्या प्राण्याचें भय प्रेक्षकांच्या मनांत खरें होऊन बसलें. ज्यास आपल्या किनाऱ्यावरील मच्छीमार मोरी अथवा मुशी म्हणतात, त्या माशाची जात लोकांस वैरीण वाटूं लागली. १९७० पासून जवळजवळ अर्ध्या शतकांत महासागरांतील शार्क व पाकट यांची संख्या शेकडा ७१ नीं घटली, असें २०२१ सालीं प्रसिद्ध झालेलें संशोधन सांगतें. याचें मुख्य कारण बेसुमार मासेमारी होय. बोलपटावर सारा दोष ठेवणें अन्याय होईल. तरीही स्पीलबर्ग यांनीं स्वतः २०२२ सालीं याबद्दल खेद व्यक्त केला.

स्वस्त तें सर्वच निष्पाप, असा मात्र नियम नाहीं. १९७७ च्या 'किंगडम ऑफ द स्पायडर्स'मध्यें हजारों जिवंत केसाळ कोळी वापरिले. त्यांच्या दंशानें मनुष्य मरत नाहीं. मनुष्याच्या पायाखालीं मात्र ते मरतात, आणि त्या चित्रणांत मेलेही. तेथें झूल नव्हती. म्हणून तो बोलपट आम्हांस चिचुंद्र्यांच्या पंक्तीस बसवितां येत नाहीं, कितीही कोणी त्याची आठवण काढो.

'जॉज'ची मूळ कादंबरी १९७४ सालीं लिहिणारे पीटर बेंचली यांनीं उत्तरायुष्यांत शार्कांच्या रक्षणासाठीं पुष्कळ लिहिलें व व्याख्यानें दिलीं. ते २००६ सालीं वारले. मध्य अमेरिकेजवळील पॅसिफिक महासागराच्या खोल पाण्यांत सांपडलेल्या एका नव्या जातीच्या शार्काला २०१५ सालीं शास्त्रज्ञांनीं त्यांचें नांव दिलें. तो काळा असून अंधारांत मंद प्रकाशतो, आणि लांबीनें जेमतेम हातभर आहे.