गावठी कोंबडीची अंडी : एक वस्तुपाठ

पुस्तकातील चित्रात अंडे बहुधा पांढरे व एकसारखे असते. खेड्यातील मुलाच्या हाती मात्र खुराड्यातून नाना तऱ्हेची अंडी येतात. हा भेद हाच या पाठाचा विषय होय.

मुलांनी घरून एकेक अंडे पाहण्यापुरते आणावे. त्यावर पेन्सिलीने नाव घालून ते भुसा घातलेल्या टोपलीत ठेवावे व पाठ संपताच ज्याचे त्यास परत द्यावे. पुष्कळ घरांची मीठमिरची अंड्यांच्या विक्रीवर येते. ती फोडावयास मागणे योग्य नव्हे. त्यासाठी विकतचे एखादे तपकिरी अंडे पुरे. अंडी हाताळल्यावर मुलांनी साबणाने हात धुवावेत.

प्रथम रंग पाहावा. तो कोंबडीच्या वंशावर अवलंबून असतो. व्हाइट लेगहॉर्न पांढरी अंडी घालते, ऱ्होड आयलंड रेड तपकिरी. कडकनाथाचे मांसदेखील काळे, तेव्हा अंडेही काळे असेल, असे मुले हटकून सांगतील. वस्तुतः ते फिकट तपकिरी असते. तपकिरी रंग कवच तयार होत आल्यावर शेवटी वरून चढतो. फुटक्या टरफलाची आतली बाजू फिकी दिसते ती यामुळेच. तेव्हा केवळ रंगावरून अंडे अधिक पौष्टिक ठरत नाही. बलकाचा पिवळेपणा मात्र हिरवा पाला, पिवळा मका अशा खाद्यावरून ठरतो.

तलंगेची पहिली अंडी लहान असतात. दोन बलक एकाच वेळी सुटले, तर जोडबलकाचे अंडे होते.

कवचाविना, नुसत्या पापुद्र्याचे अंडे निघाले, तर त्याविषयी अधिक बोलावे. अशी कोंबडी अपशकुनी ठरवून विकण्याचा वा कापण्याचा प्रकार एखाद्या घरी घडतो आणि चांगली कोंबडी हकनाक जाते. अंडे तयार होण्यास सुमारे २४ ते २६ तास लागतात. पैकी जवळजवळ २० तास कवचाचेच असतात. चुन्याचा अंश कमी पडला, कडक ऊन बाधले किंवा कुत्र्यामांजराने भेदरविले, की या कामात खंड पडतो. नव्याने अंड्यावर आलेल्या तलंगेचेही असे होते. शिंपल्यांची भरड, नाहीतर भाजून कुटलेली टरफले खाद्यात द्यावीत. अनेक कोंबड्यांची अंडी एकदम बिघडू लागली, तर रोगाचा संशय धरून पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.

ज्याच्या घरी अशी कोंबडी असेल, त्या मुलाने भरड सुरू केल्यापासून पंधरा दिवस तिच्या प्रत्येक अंड्याची नोंद ठेवावी व ती वही घरातील वडीलमाणसांस वाचून दाखवावी.