‘गरज’ या शब्दाचे तीन अर्थ : पोषकद्रव्यांच्या शिफारशींतील एकसूत्रतेचा प्रश्न

दिल्लीला लागून असलेल्या गाझियाबाद येथील राष्ट्रीय अन्न प्रयोगशाळेत एखाद्या खाद्यपदार्थातील लोह मोजले, तर लंडनमध्येही तेच माप यावयास हवे. परंतु त्या लोहाने दिवसाच्या गरजेचा किती भाग भागतो, हे सांगू जाताच आकडे देशागणिक बदलतात. १८ मिलिग्रॅम लोहाची एक गोळी घेऊ. अमेरिकन शिफारशीनुसार तरुण स्त्रीची दिवसाची गरज तिने पुरी भागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१० च्या २१ मिलिग्रॅम या आकड्यानुसार ८६ टक्के भागते, आणि २०२० च्या २९ मिलिग्रॅमनुसार अवघी ६२ टक्के. गोळी मात्र तीच.

या तफावतीचा काही भाग खरा आहे. धान्य आणि डाळींवर भिस्त असलेल्या आहारातील लोह शरीरात कमी शोषले जाते. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या २००४ च्या कोष्टकात प्रौढ स्त्रीसाठी शोषण १५ टक्के धरल्यास १९.६ मिलिग्रॅम, तर ५ टक्के धरल्यास ५८.८ मिलिग्रॅम असे आकडे आहेत. तेव्हा सर्व देशांना एकच आकडा लावणे म्हणजे सर्वांच्या ताटात एकच जेवण आहे असे मानणे होय.

उरलेली तफावत शब्दाची आहे, आणि भाषेच्या अभ्यासकाला येथे अधिकार पोहोचतो. २०२० च्या भारतीय अहवालात त्याच स्त्रीसाठी लोहाचे दोन आकडे आहेत : १५ आणि २९. पहिला सरासरी गरजेचा. तेवढ्याने निम्म्या स्त्रियांचे भागते, निम्म्यांचे भागत नाही. दुसरा शिफारशीचा, त्याने जवळजवळ सर्वांचे भागते. मराठीत आपण दोन्हींना सरसकट ‘गरज’ म्हणतो. मग २९ पेक्षा कमी घेणारी प्रत्येक स्त्री उपाशी ठरते, जे त्या आकड्याला मुळीच म्हणावयाचे नसते.

हा घोळ महाराष्ट्राला नवा नाही. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्याची रेषा दरडोई २२५० कॅलरींवर आधारली. अन्न व कृषी संघटनेत दीर्घकाळ काम केलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांचा आक्षेप असा की, एकाच निरोगी माणसाची ऊर्जेची गरजही स्थिर नसते. म्हणून सरासरीखाली गेलेला प्रत्येक जण कुपोषित नव्हे, सीमा सरासरीच्या दोन प्रमाण विचलने खाली मानावी. दांडेकरांना हे पटले नाही. वाद ऊर्जेचा होता, जीवनसत्त्वांचा नव्हता, हे खरे. तथापि शिफारशीचा आकडा साधारणपणे सरासरीत दोन विचलने मिळवून काढतात आणि सुखात्मे तितकीच वजा करीत होते, हे ध्यानात घेतले म्हणजे तिन्ही ठिकाणी एकच शब्द वापरण्याचा धोका दिसतो. त्या वादावर पुष्कळ लिहिले गेले. शब्दाकडे फारसे कोणी पाहिले नाही, असे मला वाटते.

संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या पुढाकाराने २००७ मध्ये जो प्रस्ताव मांडला गेला, त्यात म्हणूनच एकसूत्रता पद्धतीची आणि संज्ञांची मागितली आहे. सरासरी गरज आणि कमाल मर्यादा या दोन संज्ञा सर्वांनी मान्य कराव्यात. बाकीचे आकडे प्रत्येक देशाने आपल्या आहारानुसार त्यांवरून काढावेत.

यातील दुसरी संज्ञा मराठीत रुजणे कठीण. बंगालीत ‘खाद्यप्राण’, गुजरातीत ‘प्रजीवक’, आणि आपले ‘जीवनसत्त्व’! जे जीवनाचे सत्त्वच, ते अति झाले तर अपाय करील, हे कानाला पटतच नाही. अ आणि ड जीवनसत्त्वांच्या बाबतीत मात्र तसे खरोखर घडते. हिंदीत शिफारशीच्या आकड्यासाठी ‘भत्ता’ हा शब्द रूढ आहे. मराठी वाचकाला त्यावरून कारकुनाचा प्रवासभत्ता आठवायचा! त्याऐवजी ‘सरासरी गरज’, ‘शिफारस-मात्रा’ आणि ‘कमाल मर्यादा’ असे तीन वेगळे शब्द चालवावेत. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर इंग्रजी किंवा हिंदी मजकूर सक्तीचा असून मराठी ऐच्छिक आहे, त्यामुळे हे शब्द आधी शालेय पुस्तकांत आणि आरोग्यसेविकांच्या पत्रकांत आणावे लागतील.