कुत्र्याची केसगळती आणि आपले आरोग्य

ऋतू बदलला की पाळीव कुत्र्याचे केस घरभर दिसू लागतात. 'केस पोटात गेला तर मुलाला दमा होईल,' या भीतीने लळा लागलेला कुत्राही मग घराबाहेर घालवला जातो. ही भीती कितपत खरी?

दिवस लहान-मोठा होतो, त्यानुसार कुत्र्याचे जुने केस गळून नवे येतात. पॉमेरेनियन, अल्सेशियन, लॅब्रॅडोर यांच्या अंगावर आत मऊ लव व वर राठ केस असे दोन थर असतात. त्यामुळे त्यांचे केस अधिक गळतात. कातडी स्वच्छ असेल, खाज नसेल व केस सगळीकडून सारखे विरळ होत असतील, तर तो रोग नव्हे.

चुकून गिळलेला केस शौचावाटे निघून जातो. त्याने दमा होत नाही. ॲलर्जी असते ती कुत्र्याच्या लाळेतील व कोंड्यातील प्रथिनांची. घरात दम्याचा रुग्ण असल्यास पुढील काळजी घ्यावी :

१) कुत्र्याला रुग्णाच्या झोपण्याच्या खोलीत येऊ देऊ नये.

२) कुत्र्याचे केस रोज अंगणात विंचरावेत, हे काम रुग्णाने करू नये.

३) फरशी ओल्या फडक्याने पुसावी. कोरड्या झाडूने कोंडा हवेत उडतो.

एवढे करूनही धाप लागत असेल तर डॉक्टरांना दाखवावे.

कुत्र्याला आंघोळ कुत्र्यांसाठीच्या शांपूनेच घालावी. माणसांच्या साबणाने त्याची कातडी कोरडी पडते. उन्हाळ्यात त्याचे केस मुळापासून भादरू नयेत. उन्हापासून तेच त्याला जपतात.

मात्र केस जाऊन गोल चट्टे पडले, खपल्या धरल्या किंवा कुत्रा सतत खाजवू लागला, तर नायटा वा खरूज असू शकते. त्याचा त्रास माणसांनाही होतो. मुलाच्या अंगावर गोल, लालसर, खाजरा चट्टा उठल्यास दुकानातून स्टिरॉइडमिश्रित मलम आणून लावू नये. त्याने खाज दबते, पण बुरशी आत पसरत राहते. मुलाला डॉक्टरांकडे व कुत्र्याला पशुवैद्यकाकडे एकाच वेळी न्यावे. एकावरच उपचार केल्यास रोग फिरून येतो.

कुत्र्याच्या अंगाला रॉकेल, फिनाईल किंवा गाडीचे जळके ऑईल कधीही चोळू नये. अंग चाटताना ते पोटात जाऊन विषबाधा होते.

कुत्र्याला हाताळल्यावर, विशेषतः जेवणापूर्वी, साबणाने हात धुवावेत. रेबीजची लस वेळच्या वेळी टोचून घ्यावी. एवढी काळजी घेतली तर कुत्राही सुखात राहील आणि घरची माणसेही.