कुत्र्यामांजरांचे केस आणि धूळ ओढणारे यंत्र

घरात कुत्रे-मांजर आहे, केस सगळीकडे पडतात, तेव्हा व्हॅक्यूम क्लीनर घ्यावा काय, आणि घ्यावाच तर कोणता, असा प्रश्न अलीकडे बऱ्याच घरांतून विचारला जातो. पूर्वी ही वस्तू शहरातील बंगल्यांपुरतीच होती. आता बेळगाव-खानापूर भागातील शेतकऱ्यांच्या घरांतही कोब्याच्या जागी गुळगुळीत फरशी आली, बैठकीत सोफा आला, वाकळेच्या जागी जाड गादी आली आणि राखणीचा कुत्रा ओटीवरून आत आला. पावसाळ्यात तर गाद्या उन्हात घालता येत नाहीत आणि जनावरेही बाहेर राहायला तयार नसतात. घरात दम्याचे मूल असेल तर हा प्रश्न केवळ टापटिपीचा राहत नाही. पैसाही थोडाथोडका लागत नाही. भाताच्या पैशातून तो काढायचा असतो. म्हणून ह्या यंत्राचा जरा बारकाईने विचार करू.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. मांजराचा केस छातीत जाऊन दमा होतो, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. केस डोळ्यांना दिसतो म्हणून दोष त्याच्या माथी मारला जातो. खरा त्रास देते ते मांजराच्या लाळेत आणि कातडीतील तैलग्रंथींत तयार होणारे एक प्रथिन. मांजर दिवसभर अंग चाटते, लाळ केसांवर वाळते आणि तिचे बारीक कण अंगावरच्या कोंड्याबरोबर उडतात. कुत्र्याच्या लाळेत व कोंड्यातही अशी प्रथिने असतात. ह्यांतील पुष्कळ कण ५ मायक्रॉनहूनही लहान असतात. १ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ते तासन् तास हवेत तरंगतात, भिंतींना व कपड्यांना चिकटतात. मांजर घराबाहेर काढले तरी त्याच्या प्रथिनाचे प्रमाण खाली यायला कित्येक महिने लागतात.

ह्याचा अर्थ असा की यंत्राला दोन कामे करायची आहेत. एक, केस उचलणे. दुसरे, उचललेली बारीक धूळ पोटात धरून ठेवणे. पहिले काम कमीअधिक प्रमाणात सगळीच यंत्रे करतात. दुसरे काम हलक्या यंत्रांना जमत नाही. ती पुढून केस ओढतात आणि मागून बारीक धूळ खोलीत सोडतात. केरसुणीही हेच करते, आणि तिला वीज लागत नाही! दमेकरी माणसाच्या घरात असे यंत्र आणणे म्हणजे पैसे देऊन त्रास वाढवणे होय.

ह्या यंत्राच्या इतिहासातही दम्याचा संबंध आहे. इंग्लंडमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ ह्यांनी १९०१ साली हवा ओढून सफाई करणारे पहिले मोठे यंत्र काढले. ते घोडागाडीवरून नेत, रस्त्यावर उभे करीत आणि लांब नळ्या खिडक्यांतून घरात सोडत. घरात वापरता येईल असे सुटसुटीत यंत्र मात्र अमेरिकेतील ओहायो राज्यात कँटन गावी जेम्स मरे स्पँग्लर नावाच्या एका झाडूवाल्याने बनवले. त्यांना दमा होता आणि झाडताना उडणारी धूळ सोसत नव्हती. पंख्याची मोटर, साबणाची पेटी आणि उशीचा अभ्रा जोडून त्यांनी ते जुळवले व १९०८ साली त्याचे पेटंट मिळवले. पुढे हे पेटंट हूवर कुटुंबाने विकत घेतले.

आता निवडीकडे वळू. दुकानात विक्रेता पहिली गोष्ट सांगतो ती वॅटची: हे १२०० वॅटचे, ते १६०० वॅटचे. वॅट म्हणजे मोटर किती वीज खाते त्याचा आकडा. ती किती केस ओढते त्याचा नव्हे. युरोपात सप्टेंबर २०१४ पासून १६०० वॅट आणि सप्टेंबर २०१७ पासून ९०० वॅट अशी मर्यादा कायद्याने घालण्यात आली, आणि तिथली घरे काही धुळीत बुडाली नाहीत. चांगले तोंड, हवा न गळणारी नळी आणि मोकळी गाळणी असेल तर कमी वॅटमध्येही काम चोख होते. आपल्याकडे वॅटचा विचार करायचा तो निराळ्या कारणासाठी. १४०० वॅटचे यंत्र २३० व्होल्टवर ६ अँपिअरहून थोडी जास्त वीज ओढते. लहान सॉकेट तितक्यासाठी नसते. ते तापते, वितळते. अशा यंत्राला १६ अँपिअरचे सॉकेट आणि नीट अर्थिंग हवे. घरातल्या नेहमीच्या लहान इन्व्हर्टरवर ते चालणार नाही, तेव्हा वीज असेल त्या वेळीच सफाई होईल. विजेच्या बिलाची मात्र फारशी धास्ती नको. १००० वॅटचे यंत्र आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास चालवले तर एक युनिट होते.

वॅटनंतर विचारायचे ते गाळणीविषयी. हेपा नावाची गाळणी असते. अमेरिकन मापाप्रमाणे खरी हेपा गाळणी ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवते. पण खोक्यावर ‘हेपासारखी’ असे छापलेले असेल तर त्याला काही अर्थ नाही. शिवाय गाळणी उत्तम आणि यंत्राचे झाकण सैल, असेही असते. मग हवा गाळणीतून न जाता फटीतून निसटते. झाकणाभोवती रबराची कडी आहे काय आणि ती घट्ट बसते काय, हे बोटाने चाचपून पाहावे. यंत्र चालू करून सांध्यांजवळ ओला हात धरला तर गळणारी हवा लगेच कळते.

कागदी वा कापडी पिशवीचे यंत्र की बिनपिशवीचे, हा पुढचा प्रश्न. बिनपिशवीच्या यंत्रात पिशव्यांचा खर्च वाचतो. पण डबा उपडा करताना जमवलेली सारी धूळ पुन्हा तोंडावर येते. घरात दमा वा ॲलर्जी असेल तर मी पिशवीचेच यंत्र घ्या म्हणेन. पिशवी तोंड बंद करून तशीच टाकता येते. दमा नसेल तर बिनपिशवीचे चालेल. डबा नेहमी अंगणात, वाऱ्याची दिशा पाहून रिकामा करावा, आणि दमेकऱ्याने ते काम अंगावर घेऊ नये. नुसते केस निघाले तर ते खताच्या खड्ड्यात घालता येतात. त्यांत नत्र भरपूर असते, मात्र कुजायला वेळ लागतो.

आता जमीन. शेणाने सारवलेल्या जमिनीवर हे यंत्र चालवू नये. ते सारवणच उकरते आणि गाळणी तासाभरात चोंदते. शहाबादी, कोबा वा टाइल असेल तर सपाट तोंड आणि मऊ ब्रश पुरे. वेगाने फिरणारा ताठ ब्रश अशा जमिनीवर केस ओढण्याऐवजी चौफेर उडवतो. खरे सांगायचे तर निव्वळ फरशीसाठी ओले फडके पुरेसे आहे. त्याने धूळ उडतही नाही. यंत्राची गरज आहे ती गादी, सोफा, सतरंजी आणि खाटेखालच्या अडचणीच्या जागेसाठी. तिथे लहान फिरत्या ब्रशाचे तोंड असेल तरच केस निघतात, नुसत्या ओढीने निघत नाहीत.

केसांकेसांतही फरक आहे. मुधोळ जातीच्या किंवा आपल्या गावठी कुत्र्याचे केस आखूड व ताठ असतात. ते कापडाच्या विणीत सुईसारखे रुततात. लॅब्रॅडोर व पॉमेरियन ह्यांना वरच्या केसांखाली दाट लोकर असते. ती झडू लागली की पुंजकेच्या पुंजके पडतात आणि लहान डबा एका खोलीतच भरतो. लांब केस फिरत्या ब्रशाला दोऱ्यासारखे गुंडाळतात. ते कात्रीने कापून काढावे लागतात. म्हणून ब्रश हाताने सुटा करता येतो काय, ते खरेदीपूर्वीच पाहावे.

बिनतारी, बॅटरीची यंत्रे हलकी असतात, वीज गेली तरी चालतात. पण पूर्ण जोरावर ती थोडीच मिनिटे टिकतात आणि काही वर्षांनी नवी बॅटरी घ्यावी लागते. आपोआप फिरणारी चकतीसारखी यंत्रेही निघाली आहेत. आपल्या घरांतील उंबरे त्यांना ओलांडवत नाहीत. आणि कुत्र्याच्या पिल्लाने कोपऱ्यात घाण केली असेल तर ते यंत्र ती इमानेइतबारे सबंध घरभर सारवते!

विक्रेता घरी येऊन गादीवर यंत्र चालवतो, नळीच्या तोंडाशी काळे कापड लावून त्यावर जमलेली धूळ दाखवतो, आणि घरची मंडळी लाजून यंत्र घेतात. अशी धूळ कोणत्याही यंत्राने कोणाच्याही गादीतून निघेल. त्यापेक्षा आपण परीक्षा घ्यावी. कुत्र्याला विंचरून निघालेले मूठभर केस आणि जुन्या गादीचा एक तुकडा पिशवीत घालून दुकानात न्यावा. केस कापडावर चोळून बसवावेत आणि ते किती फेऱ्यांत निघतात ते पाहावे. मग दिवे घालवून मागच्या हवेवर विजेरीचा झोत टाकावा. धूळ उडताना दिसली तर ते यंत्र तिथेच ठेवावे.

पिसवांच्या बाबतीतही यंत्राचा उपयोग होतो. मोठ्या पिसवा जनावराच्या अंगावर राहतात, पण त्यांची अंडी गादीत व फटींत गळून पडतात. ती बरीचशी ओढली जातात. त्या दिवशी पिशवी लगेच बांधून घराबाहेर टाकावी. जनावरावर औषध लावायचे ते मात्र गुरांच्या डॉक्टरांना विचारून. गोठ्यात म्हशीच्या गोचिडांसाठी आणलेले औषध उरले म्हणून मांजरावर कधीही ओतू नये. पर्मेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, अमिट्राझ ही औषधे मांजराला विषासमान आहेत. त्याने मांजर झटके येऊन मरते.

मुलाला धाप लागते म्हणून मांजरावर राग काढण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवावे. मळणीची धूळ, बुरशी आलेले गवत, चुलीचा धूर ह्यांनीही छाती भरते, आणि त्यावर हे यंत्र काही करू शकत नाही. डॉक्टरांनी मांजराचेच निदान केले तर यंत्र औषधाची जागा घेणार नाही, हे ध्यानात ठेवावे. उंदरांसाठी मांजर लागतेच, तर ते भाताच्या कोठीपाशी व गोठ्यात असावे. निजायच्या खोलीचे दार त्याला बंद. कुत्र्याला आठवड्यातून दोनदा अंगणात विंचरावे. जो केस अंगणात पडला तो गादीत येत नाही.

एकदा यंत्र आणले की चुलीची राख, सिमेंट, चुना, ओला केर आणि रॉकेल सांडलेली जागा ह्यांपासून ते दूर ठेवावे. गरम राखेने पिशवी पेट घेते. ओले ओढायचे तर त्यासाठी बनवलेलेच यंत्र लागते. गाळणी धुण्याजोगी असेल तर धुऊन सावलीत पूर्ण वाळू द्यावी. पावसाळ्यात तिला दोन-दोन दिवस लागतात, आणि ओलसर गाळणी बसवली तर तिला बुरशी येते. म्हणून यंत्र घेतानाच दुसरी गाळणी आणि वर्षभराच्या पिशव्या मागून घ्याव्यात. त्या बेळगावात मिळत नसतील, तर दुसरे यंत्र पाहावे.