'वॉन्डर' म्हणजे नुसते फिरणे नव्हे



आज एकाच इंग्रजी क्रियापदाचा अभ्यास करू. ते म्हणजे 'वॉन्डर'. शाळेत आपण त्याचा अर्थ 'भटकणे' असा पाठ केला. तो बरोबरच आहे. परंतु बोलताना आपण 'फिरणे' या शब्दाच्या जागी तो सर्रास घालतो आणि तेथे घोटाळा होतो.

मराठीतले 'फिरणे' कोठेही चालते. बाबा संध्याकाळी फिरायला जातात, चाक फिरते, डोके फिरते, दिलेला शब्दसुद्धा फिरतो! 'वॉन्डर'चे तसे नाही. एक तर जाण्याचे ठिकाण ठरलेले नसावे, नाही तर ठरलेली वाट सुटलेली असावी. तरच तो शब्द वापरावा.

पहिला अर्थ : उद्देशाशिवाय हिंडणे. 'वुई वॉन्डर्ड अबाउट द मार्केट', म्हणजे पाय नेतील तिकडे बाजारात हिंडलो. यात दोष काही नाही. वर्ड्स्वर्थच्या १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या डॅफोडिल फुलांच्या कवितेत हाच अर्थ आहे.

दुसरा अर्थ : वाट चुकणे, भरकटणे. 'द चाइल्ड वॉन्डर्ड ऑफ', म्हणजे मूल नकळत दूर निघून गेले. येथे काळजी आली. १६११ सालच्या इंग्रजी बायबलात हागार बेअरशेबाच्या रानात भटकली (बेरेशीत २१:१४) आणि योसेफ भावांना शोधताना शेतात भटकत होता (३७:१५), तेथे हेच क्रियापद आहे. मूळ हिब्रूत दोन्ही ठिकाणी वाट चुकण्याचा एकच धातू आहे. रानातल्या चाळीस वर्षांसाठीही (बमिदबार ३२:१३) इंग्रजीत 'वॉन्डर'च आहे. पण हिब्रू धातू तेथे वेगळा आहे.

तिसरा अर्थ : मन किंवा बोलणे भलतीकडे जाणे. 'माय माइंड वॉन्डर्ड' म्हणजे माझे लक्ष उडाले. 'ही वॉन्डर्ड फ्रॉम द पॉइंट' म्हणजे तो मुद्दा सोडून बोलू लागला. तापात माणूस बरळू लागला, तरी त्याचे मन 'वॉन्डर' होते असे म्हणतात.

हा फरक केवळ परीक्षेपुरता नाही. वडील रोज फिरायला जातात हे डॉक्टरांना सांगताना आपण 'माय फादर वॉन्डर्स' म्हटले, तर डॉक्टर समजतील की म्हातारा विसराळू झाला आहे, घराबाहेर पडतो आणि त्याला परतीची वाट सापडत नाही. तेथे 'ही गोज फॉर अ वॉक' असेच म्हणावे. उलट, वडील खरोखरच वाट चुकत असतील तर भीड न धरता 'ही वॉन्डर्स' असे स्पष्ट सांगावे. नुसते 'वॉक' म्हटले, तर त्यांच्यावर लक्ष ठेवायला हवे हे कोणाच्या ध्यानातच येणार नाही.

आपली नातवंडे शाळेच्या 'टियूल'ला जातात, तेही 'वॉन्डर' नव्हे. त्यांचे ठिकाण, वेळ आणि बस आधीच ठरलेली असते. त्याला 'ट्रिप' म्हणावे. डोंगरातून चालत गेले तर 'हाइक'. रमतगमत चालणे म्हणजे 'स्ट्रोल', आणि मोठ्या मुलुखात मोकळेपणाने संचार करणे म्हणजे 'रोम'.

उच्चारही सांभाळा. 'वॉन्डर' म्हणजे भटकणे, 'वंडर' म्हणजे आश्चर्य वाटणे. एका स्वराने अर्थ पालटतो. आपल्या देवनागरीत हा फरक लिहून दाखवता येतो, ही आपली मोठीच सोय!

आता थोडा अभ्यास. पुढीलपैकी कोठे 'वॉन्डर' चालेल?

१. आजी रोज सकाळी बागेत फिरायला जाते.
२. शेळी कळप सोडून भरकटली.
३. वक्ता विषय सोडून भलतीकडे गेला.
४. आम्ही उद्या सहलीला तिबेरियासला जाणार.

उत्तर : फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्यात. पहिल्यात आणि चौथ्यात का नाही, हे नातवंडांना मराठीतून समजावून सांगा. त्यांचे इंग्रजी पक्के होईल आणि मराठीही कानावर पडेल.