'या ना आत' म्हणणारे घर

मंडळी, अमेरिकेत न्यू ऑर्लीन्स नावाचे शहर आहे. तेथे फ्रँक पेनिया नावाचे एक न्हावी होते. ते काळ्या वर्णाचे होते. 1939 साली त्यांनी लासाल रस्त्यावर बस्तान बसवले. न्हाव्याच्या दुकानाला जोडून खानावळ काढली. उतारूंसाठी खोल्या केल्या. गाण्याबजावण्यासाठी मोठा हॉल केला. तेथे रात्री उशिरापर्यंत गाणे चाले. अशा जागेला नाइटक्लब म्हणतात.

जागेचे नाव 'ड्यू ड्रॉप इन'. ड्यू ड्रॉप म्हणजे दवबिंदू. इन म्हणजे उतारूंची जागा. पण हे शब्द नुसते कानाने ऐकले, तर इंग्रजीत 'या ना आत' असाही अर्थ होतो, बरं का!

या बोलावण्याला फार मोल होते. त्या काळी तिकडे गोऱ्यांच्या हॉटेलात काळ्या माणसाला खोली मिळत नसे. गवई कितीही नामांकित असो. गोऱ्यांपुढे गायचे, टाळ्या घ्यायच्या, आणि जेवायला-निजायला मात्र दुसरीकडे जायचे! फ्रँक यांच्या घरी त्यांना मान मिळे. रे चार्ल्स, लिटल रिचर्ड असे जगभर गाजलेले गायक तेथे गायले.

काळ्या-गोऱ्यांनी एकत्र बसायलाही मनाई होती. 1952 साली झॅकरी स्कॉट हे गोरे नट तेथे आले. पोलिसांनी त्यांना धरले आणि फ्रँकनाही धरले. पण फ्रँक डगमगले नाहीत. 1964 साली त्यांनी या मनाईविरुद्ध कोर्टात दावा लावला. त्याच वर्षी अमेरिकेत नवा कायदा झाला. हॉटेलात, खानावळीत वर्णावरून कोणाला अडवायचे नाही, असे ठरले.

आता पुढे काय झाले पाहा. सगळीकडची दारे उघडली. गवई आणि गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ लागले. फ्रँक ज्या न्यायासाठी भांडले, तो मिळाला. त्यांचे घर मात्र ओस पडत गेले. 1970 च्या सुमारास गाणे थांबले. 1972 साली फ्रँक वारले. 2005 साली मोठे वादळ आले, शहरात पूर आला. इमारत आणखी मोडकळीला आली.

कोणी म्हणेल, काम झाले, आता पडके घर कशाला जपायचे? पण विहिरीला पाणी लागले, म्हणून ती खणणाऱ्याला विसरावे काय? 2010 साली शहराने ही इमारत जपण्याजोगी ठरवली. 2021 साली नव्या मालकाने ती घेतली व दुरुस्त केली. 2024 साली तेथे पुन्हा गाणे सुरू झाले.

घर उभे असले, की नातवंडे विचारतात, "हे काय आहे?" मग कोणीतरी त्यांना सांगते.

प्रश्न
1. गवयांना फ्रँक यांचे घर का हवेसे वाटे?
2. न्याय मिळाल्यावर ते घर ओस का पडले?
3. आपल्या गावात जपावी अशी कोणती जागा आहे? तिची हकिगत चार ओळींत लिहा.